उत्तर गोव्याचा चाहता आणि फातोर्डा
गोव्यात फुटबॉल प्रथम रुजला तो सासष्टी-बार्देशात, तर पेडणे आणि डिचोली हे तालुके नव्या काबिजादींतले, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अमलाखाली आलेले. तरीही मांडवी व झुआरी ओलांडून मडगावजवळच्या फातोर्डा मैदानावर एफसी गोवा संघासाठी घसा कोरडा करणारा तेथील चाहता निष्ठेत तसूभरही उणा नाही. फ्रान्सचा विश्वविजेता रोबेर पिरेस २०१४ साली याच संघातून खेळला, आणि २०१५ च्या इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात सत्त्याऐंशीव्या मिनिटाला मिळालेली आघाडी शेवटच्या क्षणांत निसटून चेन्नईयनकडून ३-२ असा पराभव पत्करावा लागला, ती सल आजही ताजी आहे. सामन्यानंतर गाड्यावर रस-आम्लेट, म्हणजे शाकुतीच्या रश्शात बुडवलेले आम्लेट, पावासोबत खाताना प्रत्येक चुकलेल्या पासची चिकित्सा होते. मात्र पेडण्याला निदान कोकण रेल्वेचे स्थानक आहे, डिचोलीकराला तेही नाही, आणि रात्रीच्या सामन्यानंतर त्याच्यासाठी खास बस सोडणे ही मुळीच अवास्तव मागणी नव्हे.