घरांतलीं यंत्रें : नकलेंत राहिलेलीं भगदाडें

मोडकळीस आलेल्या हार्ड डिस्कवरील सारें कांहीं नव्या डिस्कवर उतरवून घेतलें, संगणक चालूही झाला. परंतु मधूनच निळा पडदा येतो, एखादें सॉफ्टवेअर उघडतां उघडतां मिटतें, घरच्या जमाखर्चाची फाइल ‘खराब आहे’ म्हणून नाकारली जाते. अशा वेळीं बहुतेक घरांत दोष नव्या डिस्कच्या माथीं मारला जातो व दुकानदाराकडे खेपा सुरू होतात. आमच्या मतें त्या खेपा बहुधा व्यर्थ असतात.

पूर्वीं पोथी उतरवून घेणारा लेखक मूळ पान कसरीनें खाल्लेलें असल्यास तितकी जागा कोरी सोडून पुढें जाई. वाचणारास येथें अक्षरें गेलीं हें तत्काळ कळे. डिस्कची नक्कल करणारें सॉफ्टवेअरही न वाचतां आलेला भाग सोडून पुढें जातें, पण ती कोरी जागा कोणास दिसत नाहीं. तेथें बहुधा नुसतीं शून्यें राहतात. फाइलीचें नांव तेंच, तारीख तीच, आकारही एका बाइटानें कमी नाहीं. विंडोजच्या नेहमींच्या मांडणींत डिस्कवरील जागा ४०९६ बाइटांच्या तुकड्यांनीं वांटलेली असते. यूटीएफ-८ पद्धतींत देवनागरीच्या एका चिन्हास ३ बाइट लागतात. म्हणजे असा एक तुकडा गेला तर साध्या मजकुरांतील सुमारें १,३६५ चिन्हें गेलीं, व बाकीचा मजकूर शाबूत राहिला. जेपीईजी छायाचित्राची गोष्ट निराळी. तेथें पुढल्या भागाचा अर्थ मागल्यावरून लावावयाचा असतो, म्हणून भगदाडाखालचें सारें चित्र करडें अथवा भलत्याच रंगाचें होऊं शकतें.

आतां दुरुस्तीकडे वळूं. नक्कल संपतांच संगणक बंद करून जुनी डिस्क काढून घ्यावी व मगच नवीवरून तो सुरू करावा. एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर ४ बाइटांची एक ओळखखूण असते, व हुबेहूब नकलेंत तीही उतरते. दोन्ही डिस्का एकदम जोडल्यास विंडोज त्यांतील एकीस ‘ऑफलाइन’ ठेवतें. ती बळेंच चालू केली तर तिच्यावर नवी खूण लिहितें. मग तीच डिस्क नवी असल्यास संगणक सुरू होतांना जुन्या खुणेचा शोध चालतो व यंत्र कांहीं उठत नाहीं. यांत एकही फाइल बिघडलेली नसते. इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून स्टार्टअप रिपेअर चालविल्यास पुष्कळदां काम भागतें.

यानंतर दोष नवा कीं जुना हें ठरवावें. इव्हेंट व्ह्यूअर नांवाच्या नोंदवहींत ‘डिस्क’च्या नांवें ७ क्रमांकाची नोंद असल्यास डिस्कचा एखादा भाग वाचतां येत नाहीं, असा तिचा अर्थ. मात्र ही नोंदवहीही नकलेबरोबरच आलेली असते! म्हणून तारीख पाहावी. नोंद नक्कल करण्यापूर्वींची असेल तर ती जुन्या डिस्कची कुंडली होय. नंतरची असेल तर मात्र दुकानदाराकडे अवश्य जावें. ५५ क्रमांकाची नोंद फाइलींच्या मांडणींतील बिघाड दाखविते, व तो बहुधा वारशानें आलेला असतो. डिस्कच्या ‘स्मार्ट’ तक्त्यांत १९९ क्रमांकाचा आंकडा वाढत असेल तर आधीं केबल बदलून पाहावी.

मांडणी सुधारण्यास चेकडिस्क, नंतर डीआयएसएम व शेवटीं एसएफसी, हा क्रम आम्हांस योग्य वाटतो. चेकडिस्क जुन्या डिस्कवर मात्र कदापि चालवूं नये. आधींच धाप लागलेल्यास डोंगर चढावयास लावण्यासारखें तें आहे. डीआयएसएम व एसएफसी हीं दोघें विंडोजच्याच फाइलींपुरतीं पाहतात. तुमच्या आमच्या कागदपत्रांशीं त्यांना कर्तव्य नाहीं. त्यांनीं ‘सर्व ठीक’ म्हटलें म्हणजे घरचें दप्तर ठीक आहे, असें मानणें ही मोठीच फसगत होय. एखादें सॉफ्टवेअर पुन्हां परवाना मागूं लागलें तर त्यांत बिघाड नाहीं. कारखान्यानें डिस्कला दिलेला क्रमांक नकलेंत येत नाहीं, व कांहीं परवाने त्याच क्रमांकास बांधलेले असतात.

आमचें स्पष्ट मत असें कीं, विंडोजच्या डागडुजींत दोन दिवसांहून अधिक घालवूं नयेत. तें कोऱ्या डिस्कवर नव्यानें घालावें. विंडोज १० चा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, तेव्हां जुनें यंत्र चालविणारांस तर तें निमित्तच आहे. विंडोज व सॉफ्टवेअर बाजारांत पुन्हां मिळेल. आजोबांच्या हस्ताक्षरांतील वंशावळीचें स्कॅन केलेलें पान, मुंजीचीं छायाचित्रें, वांटणीपत्राची प्रत हीं कोठें मिळणार?

म्हणून नक्कल करतांना डीडीरेस्क्यूसारखें साधन वापरावें. कोणता भाग वाचतां आला नाहीं, याची तें नकाशाफाइलींत नोंद ठेवतें. पुढें त्याच नकाशाच्या आधारें भगदाडांत शून्यांऐवजीं ठरावीक शब्द भरतां येतात, व तो शब्द ज्या फाइलींत सांपडेल ती फाइल जखमी समजावी. हें काम नकलेच्याही दुसऱ्या प्रतीवर, व चेकडिस्कपूर्वीं करावें. कारण चेकडिस्क निराधार तुकडे ‘फाउंड.०००’ या फोल्डरांत टाकून मोकळें होतें. नकाशा नसेल तर सुट्टीच्या दिवशीं मुलांना बसवून छायाचित्रें एकेक उघडून पाहण्यास सांगावें. लहान चित्रांवर विसंबूं नये, तीं पुष्कळदां निराळीं सांठविलेलीं असतात व धड दिसतात. जखमी फाइलींची यादी झाली म्हणजे पुण्याच्या काकूंकडे, परगांवच्या आत्याबाईंकडे मूळ प्रती आहेत कां, अशी विचारणा करावी. व्हॉट्सअॅपवर साधें छायाचित्र म्हणून धाडलेली प्रत आक्रसलेली असते, याकरितां मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावी. तोंपर्यंत जुनी डिस्क नांव व तारीख घालून कपाटांत ठेवावी, आणि ती कोणी भंगारवाल्यास देऊं नये, हें घरांतील सर्वांस बजावून ठेवावें.