अक्षराआधीचे लेखन

मुलाचे लेखन अक्षरापासून सुरू होत नाही, रेघोटीपासून होते. दोन वर्षांचे मूल हाती लागेल त्या खडूने भिंती रंगवते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्या रेघोट्यांना नावे मिळतात, 'ही आजी', 'हा ट्रॅक्टर'. कागदावरची खूण म्हणजे दुसरेच काहीतरी असते, ही जाण मुलाला इथे येते आणि वाचन तिच्यावरच उभे राहते. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांनी लेखनाचे मूळ हावभाव, खेळ आणि चित्रात शोधले. वस्तू काढता येतात तसे बोलणेही काढता येते, हे मुलाला उमगावे लागते.

महाराष्ट्रात २०२५ चे वर्ष मात्र पहिलीच्या मुलाला किती भाषा शिकवाव्यात, या वादात गेले. तिसऱ्या भाषेचे शासन निर्णय जूनअखेर मागे घेतले गेले, ते योग्यच झाले. पण ते मूल पहिली भाषा वाचायला शिकते कसे, हे त्या गदारोळात फारसे कोणी विचारले नाही. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन ठिपक्यांवरून 'अ' गिरवून घेतला जातो. चित्रकला उरते शनिवारच्या शेवटच्या तासाला, तीही फळ्यावरून उतरवायची: दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी, काठाला झोपडी आणि नारळाचे झाड. दुष्काळी माणदेशातले मूलही हेच काढते. नाहीतर छापील आकृतीत रेषेबाहेर न जाता रंग भरायचे. दोन्हींत मुलाला स्वतःचे सांगायचे काहीच नसते, म्हणून वाचण्याजोगेही काही उरत नाही.

उपयोगाची रीत साधी आहे. गोष्ट सांगून झाली की मुले आपापले चित्र काढतात. शिक्षिका एकेकाजवळ बसून 'काय काढलंस?' असे विचारते. नुसते 'छान' म्हणून पुढे जात नाही. मूल सांगते, 'आमची शेळी पावसाला भ्याली.' तेच वाक्य, त्याच बोलीत, ती मुलाच्या डोळ्यांदेखत चित्राखाली लिहिते. लिहिताना शब्द मोठ्याने म्हणते, मग दोघे बोट फिरवत वाचतात. दुसऱ्या दिवशी मूल ते वाक्य आपणहून वाचते. खरे तर आठवून म्हणते. पण चार चित्रांखाली 'शेळी' आली की शब्द ओळखीचा होतो आणि त्यातला 'ळ' 'केळी'त सापडतो. न्यूझीलंडमध्ये शिक्षिका सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर यांनी माओरी मुलांना वाचायला शिकवले ते मुलांनी स्वतः मागितलेल्या शब्दांवरूनच. 'टीचर' (१९६३) या पुस्तकात ते आले आहे.

चित्रातून आकलनही दिसते. मूल दिसते तसे नव्हे, माहीत असते तसे काढते, हे फ्रेंच अभ्यासक जॉर्ज-आंरी ल्युके यांनी १९२७ मध्ये मांडले. म्हणून गोष्टीतली भोपळ्यात बसलेली म्हातारी मुलाच्या चित्रात बाहेरूनही दिसते. लेकीकडे जाताना तिला बारीक आणि परतताना जाड काढणाऱ्या मुलाला गोष्ट कळली आहे, हे एकही प्रश्न न विचारता समजते.

देवनागरीला तर नजरच हवी. 'व'च्या पोटात तिरकी रेघ आली की 'ब', उजवीकडे आकडी जोडली की 'क'. चित्र काढणाऱ्या मुलाला रेघेचा बाक पाहण्याची सवय आधीच असते. मात्र अक्षर आणि ध्वनी यांची सांगड चित्राने आपोआप बसत नाही. ती क्रमाने शिकवावीच लागते.

मुलाच्या परिसरातून शिकवण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. १९४५ मध्ये बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक आणि त्यांच्यासोबत पुढे कोसबाडला गेलेल्या अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, पाने, खडे यांचेच शैक्षणिक साहित्य केले. कोसबाड हा वारली पाड्यांचा मुलूख. तिथे तांदळाच्या पिठाची चित्रे लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवरच निघत. आज शाळांच्या कुंपणांवर वारली चित्रे रंगवून घेतली जातात आणि मुलाने भिंतीवर रेघ ओढली तर त्याला ओरडा बसतो. हे खेदाचे आहे.

चित्रातून लेखनाकडे जायला घरी दिवाळीसारखा काळ नाही. २०२५ च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, त्यांतले अकरा महाराष्ट्रातले. दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या मुलाला आधी त्याचा नकाशा कागदावर काढू द्यावा. महादरवाजा, तळे, बुरूज यांच्या पाट्याही त्यानेच लिहाव्यात. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तरी पाटी बदलू नये.