तीन गुणांचें गाणें

“सूर्य मावळला” या दोन शब्दांच्या वाक्यांतून किती अर्थ निघतात, हें ‘काव्यप्रकाश’कार मम्मटानें दाखविलें आहे. सेनापतीस तो चाल करून जाण्याचा इशारा वाटतो, मजुरास काम थांबविण्याचा, ब्राह्मणास संध्येचा, गुराख्यास गुरें घराकडे वळविण्याचा. हा पाठ शिकवितांना आम्हांस नेहमीं वाटे कीं, सेनापतीचें उदाहरण अंमळ ओढूनताणून आणलेलें आहे. पुढें एक प्रेमगीत ऐकून पलटणी सज्ज झाल्याची हकीकत वाचनांत आली, तेव्हां आम्हीं मम्मटाची मनांतल्या मनांत क्षमा मागितली.

ती हकीकत अशी. युरोपांतील राष्ट्रें आपापलें एकेक गीत पाठवून ‘युरोव्हिजन’ नांवाच्या स्पर्धेंत उतरतात. १९५६ सालीं ती सुरू झाली. १९७४ च्या ६ एप्रिलला ती इंग्लंडांत ब्रायटन येथें भरली. एकंदर १७ गीतें होतीं. स्वीडनच्या ‘आबा’ मंडळीनें ‘वॉटर्लू’ गाऊन पहिला क्रमांक पटकावला. पोर्तुगालतर्फे पावलु द कार्वाल्यु हे ‘इ देपोइश दु आदेउश’, म्हणजे ‘आणि निरोपानंतर’, हें गीत गायले. गुण मिळाले अवघे ३. आणखी तीन देशांसहि तितकेच मिळाल्यामुळें शेवटच्या क्रमांकास सोबत लाभली, एवढेंच काय तें समाधान. परीक्षकांस आम्ही बोल लावीत नाहीं. आम्हींहि जन्मभर वह्या तपासल्या. कोणत्या मुलाचें कोणतें वाक्य पुढें कोठें कामास आलें, याचा पत्ता आम्हांस कधीं लागला नाहीं.

गीत विरहाचें, राजकारणाचा त्यांत वासहि नाहीं. पोर्तुगालांत तेव्हां सालाझारनें रुजविलेली हुकूमशाही त्याचा वारस कायतानु चालवीत होता. छापील मजकुरावर आणि गीतांवर सरकारची कात्री चाले. अंगोला, मोझांबिक व गिनी येथील वर्षानुवर्षांच्या युद्धांस विटलेल्या तरुण सेनाधिकाऱ्यांनीं उठावाचा बेत केला. त्यांस अशी खूण हवी होती कीं, ती उघड वाजावी आणि कोणास संशय येऊं नये. स्पर्धेंत मागें पडलेलें हें निरुपद्रवी गाणें नेमकें सोयीचें ठरलें. २४ एप्रिलच्या रात्रीं ११ ला ५ मिनिटें कमी असतां लिस्बनच्या एका नभोवाणी केंद्रानें तें लावलें. घरोघरच्या श्रोत्यांस तें विरहगीत. बराकींतील अधिकाऱ्यांस ‘सज्ज व्हा’. हें केंद्र लिस्बनच्या आसपासच ऐकूं येई. म्हणून मध्यरात्रीनंतर २० मिनिटांनीं दूरवर पोंचणाऱ्या दुसऱ्या केंद्रावरून जुझे अफोंसु यांचें ‘ग्रांदुला, विला मुरेना’ वाजलें. त्याचा अर्थ, ‘निघा’.

२५ तारखेस सायंकाळीं कायतानु शरण आला. लोकांनीं शिपायांच्या बंदुकांच्या नळ्यांत तांबडीं कार्नेशन फुलें खोवलीं. गुप्त पोलिसांच्या गोळीबारांत चौघे प्राणांस मुकले. फुलांची कथा सांगणारांकडून हें बहुधा राहून जातें.

आम्हां मराठी वाचकांचा या गाण्याशीं आणखी एक धागा आहे. गोवा १९६१ च्या १९ डिसेंबरला मुक्त झाला, तरी तें मान्य करण्यास लिस्बनचे राज्यकर्ते बारा वर्षांहून अधिक काळ तयार नव्हते. उठावानंतर आलेल्या नव्या सरकारानें मात्र त्याच १९७४ सालीं, ३१ डिसेंबरला, दिल्लींत करार करून गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगरहवेली यांवरील भारताचें सार्वभौमत्व मान्य केलें.