वाचा आणि विचारा



दहावीच्या मुलांनी एली विझेल यांचे ‘नाईट’ हे आत्मकथन वाचावे, असा माझा आग्रह आहे. १९४४ साली नाझींनी १५ वर्षांच्या एलीला कुटुंबासह आउश्वित्झच्या छळछावणीत नेले. आई व धाकटी बहीण तिथे मारली गेली, वडील पुढे बुखेनवाल्डमध्ये गेले. मारलेल्या ज्यूंचा ६० लाख हा आकडा परीक्षेपुरता पाठ होतो. हा मुलगा मात्र विसरता येत नाही.

काही पालक विचारतात, एवढे भयंकर मुलांना कशाला? पण आपली मातीही यातून गेली आहे. मे १९४८ मध्ये गोरटा गावी रझाकारांनी केलेले हत्याकांड आपण सांगतो. त्याच वर्षी पोलीस ॲक्शननंतर झालेली मुसलमानांची कत्तल सांगत नाही. सुंदरलाल समितीने संस्थानभरातील मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत बिदर आणि गुलबर्गा होते.

तेव्हाची मुले आज ऐंशीच्या पुढे आहेत. मुलांनो, पुस्तक संपले की दोन्ही समाजांतील आजी-आजोबांकडे जा, ऐका, वहीत लिहून घ्या. विश्वस्तांनी त्या वह्यांना वाचनालयात जागा द्यावी, ही विनंती.

– मुख्याध्यापक