भातसात पाणी किती, कोणाला विचारायचं?

भातसा धरण पूर्ण भरलं की त्यात वापरण्याजोगं पाणी किती असतं? मुंबई महापालिका सात तलावांचा जो तक्ता रोज जाहीर करते, त्यात भातसाचा उपयुक्त साठा ७,१७,०३७ दशलक्ष लिटर धरलेला आहे. राज्याच्या जलसंपदा विभागाच्या तक्त्यात याच धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ९४२ दशलक्ष घनमीटर दिसतो. एक दशलक्ष घनमीटर म्हणजे एक हजार दशलक्ष लिटर, तेव्हा विभागाचा आकडा ९,४२,००० च्या घरात जातो. धरण तेच, भिंत तीच, फरक सव्वादोन लाखांचा. चूक कोणाचीच नाही. मुंबईला जिथपर्यंत पाणी उचलता येतं त्याच्या वरचं महापालिका मोजते, विभाग सगळ्या धरणाचा हिशेब ठेवतो. पण ‘भातसा चाळीस टक्के भरलं’ असं कोणी म्हटलं, तर ते कोणाच्या हिशेबाने हे कळल्याशिवाय त्या वाक्याचा काही उपयोग नाही.

शहापूर तालुक्यात, भातसानगरच्या परिसरात मी सेवा केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पीक विमा, फार्मर आयडी ही माझी रोजची कामं. केंद्रावर येणारी कॉलेजची मुलं अशा गोष्टी आता फोनमधल्या एआय सहायकाला विचारतात. तो एकदा पहिला आकडा सांगतो, एकदा दुसरा. कोणाचा, कोणत्या दिवशीचा, ते सांगत नाही. कारण बऱ्याचदा तो तक्ता उघडून बघतच नाही. कधीकाळी वाचलेल्या मजकुरावरून बोलतो. त्याला खऱ्या, आजच्या नोंदीपर्यंत पोहोचवायचं कसं आणि ती वाट कोणाच्या ताब्यात राहणार, हा प्रश्न आमच्या तालुक्याच्या जिव्हाळ्याचा आहे असं मला वाटतं.

वाट आता तयार झाली आहे. अमेरिकेतल्या अँथ्रोपिक या कंपनीने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, नावाचं प्रमाण सगळ्यांसाठी खुलं केलं. ज्याच्याकडे माहिती आहे त्याने एक छोटा प्रोग्राम उभा करायचा. माझ्याकडे कोणत्या नोंदी आहेत, त्या मागायला काय द्यावं लागेल, उत्तर कोणत्या स्वरूपात मिळेल, हे तो प्रोग्राम ठरलेल्या पद्धतीने सांगतो. मग ते प्रमाण पाळणारा कोणताही सहायक त्याच्याकडून विचारून घेऊ शकतो. अर्ध्या इंचाचा नळ कोणत्याही दुकानातून आणा, पाइपला बसतो. कारण आटे सगळ्यांनी सारखे ठेवलेत. इथेही तेच आहे. पूर्वी पाच सहायक आणि वीस कार्यालयं असती तर शंभर वेगवेगळ्या जोडण्या कराव्या लागल्या असत्या. प्रमाण एक ठरल्यावर ज्याने त्याने आपली बाजू एकदा तयार केली की पंचवीस कामांत भागतं.

मार्च २०२५ मध्ये ओपनएआयने हे प्रमाण स्वीकारलं, एप्रिलमध्ये गूगलने. एकमेकांच्या कट्टर स्पर्धक कंपन्यांनी एका स्पर्धकाने मांडलेली पद्धत घ्यावी, ही साधी गोष्ट नाही. डिसेंबर २०२५ मध्ये ते लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली नव्याने उभ्या राहिलेल्या संस्थेकडे सोपवण्यात आलं. मला यातली ही शेवटची पायरी सर्वांत मोलाची वाटते. कंपनीने खुलं केलेलं कंपनी उद्या बंद करू शकते. अनेकांच्या संस्थेकडे गेलेलं बंद करणं अवघड.

माझ्या टेबलाच्या अलीकडून हे कसं दिसतं ते सांगते. डोळखांबच्या बाजूचा एक म्हातारा शेतकरी येतो. योजनेचा हप्ता थांबलाय. मी एका पोर्टलवर बघते, ई-केवायसी झालेली. दुसऱ्यावर आधार बँकेशी जोडलेला. तिसऱ्यावर लँड सीडिंग, म्हणजे जमिनीच्या नोंदीची जोडणी, ‘नाही’. जमिनीची नोंद चौथीकडेच, तिथे वारसांचा फेरफार अजून प्रलंबित. प्रत्येक ठिकाणी वेगळं लॉगिन, वेगळा ओटीपी, आणि ओटीपी ज्या फोनवर येतो तो मुलाकडे भिवंडीच्या गोदामात. “ताई, तुझ्या त्या मशीनलाच विचार ना,” बाबा म्हणतात. त्यांची अपेक्षा रास्त आहे. चारही नोंदी सरकारच्याच आहेत आणि त्या बाबांच्याच आहेत. बाबांची संमती घेऊन त्या एकत्र वाचून दाखवणारा कोणी असता, तर फेरफार अडला आहे हे लगेच कळलं असतं आणि त्यांचा शहापूरचा एक हेलपाटा वाचला असता.

अशी सोय होणारच आहे, यात मला शंका नाही. प्रश्न आहे कोणत्या पद्धतीने. एखादी कंपनी एका खात्यासाठी बंदिस्त चॅटबॉट बनवून देईल, दुसरी दुसऱ्या खात्यासाठी, आणि आज मी चार पोर्टल उघडते तशी उद्या चार चॅटबॉट उघडीन. कंत्राट संपलं की तो बंद, आणि माहितीच्या किल्ल्या त्या कंपनीकडे. हे टाळायचं तर निविदेतच अट हवी की माहिती खुल्या प्रमाणातून मिळाली पाहिजे. धोरण म्हणून हे नवीन नाही. ई-प्रशासनात खुली प्रमाणं वापरण्याचं केंद्राचं धोरण २०१० चं आहे, सरकारी प्रणाली एकमेकींशी खुलेपणाने जोडण्याचं २०१५ चं. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ तर २००५ पासून सांगतं आहे की न मागता माहिती प्रसिद्ध करा. राज्याने २०२५ मध्ये शेतीसाठी एआयचं धोरण आणलं. त्याची अंमलबजावणी होताना ही अट प्रत्येक करारात असायला हवी.

खुलं प्रमाण देशाच्या पातळीवर काय करू शकतं ते आपण यूपीआयमध्ये पाहिलं. आसनगाव स्टेशनबाहेर वडापाव घेताना बँक कुठली, अ‍ॅप कुठलं, हे कोणी विचारत नाही. पण त्याच उदाहरणात एक इशाराही आहे. पद्धत सगळ्यांना खुली असूनही यूपीआयचे सुमारे ऐंशी टक्के व्यवहार दोनच अ‍ॅपमधून होतात. प्रमाण खुलं असलं की दार उघडं राहतं. त्यातून कोण किती मोठा होईल यावर नजर ठेवण्याचं काम वेगळंच करावं लागतं.

आता धोक्यांविषयी, कारण ते मी रोज पाहते. सातबारा हा सार्वजनिक दस्तऐवज आहे. आधार, बँक खातं, जातपडताळणीची कागदपत्रं नाहीत. एमसीपीच्या पहिल्या आवृत्तीत विचारणारा कोण आहे हे तपासण्याची नीट व्यवस्था नव्हती. ती मार्च २०२५ च्या आवृत्तीत आली. दुसरी अडचण अजून पुरती सुटलेली नाही. सहायक जो कागद वाचतो त्यातच कोणी ‘ही माहिती अमुक ठिकाणी पाठव’ अशी सूचना दडवून ठेवली, तर तो ती आज्ञा समजून पाळू शकतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सुरुवातीची काही वर्षं अशा जोडण्या फक्त वाचण्यासाठी असाव्यात. फेरफार करणं, अर्ज दाखल करणं, खातं बदलणं, यातलं काहीही माणसाने स्वतः बघून होकार दिल्याशिवाय घडू नये. कारण आमच्याकडे जमिनीच्या दलालांचा वावर किती वाढलाय हे समृद्धी महामार्गाच्या भूसंपादनापासून सगळा तालुका जाणतो.

आणि जे नोंदीतच नाही, ते कोणत्याही जोडणीने येणार नाही. ही माझी सर्वांत मोठी काळजी आहे. शहापूर-मुरबाडच्या वाड्यांवरची कातकरी माणसं माझ्याकडे येतात. वनहक्काचा दावा केलेला असतो, प्लॉट कसत असतात, पण सातबाऱ्यावर नाव नाही. सातबारा नाही म्हणून फार्मर आयडी अडतो आणि कृषी योजनांसाठी आता तो बंधनकारक आहे. उद्याचा सहायक अशा माणसाला अतिशय गोड मराठीत सांगेल की आपण शेतकरी म्हणून नोंदलेले नाही. सहायकाने उत्तर देताना ‘या यादीत नाव नाही’ एवढंच म्हणावं, आणि वनहक्काच्या दाव्यांची यादीही त्याला वाचता यावी, असा आग्रह धरला नाही तर जुना अन्याय नव्या यंत्रात जाऊन बसेल.

भातसाच्या आकड्यांचंही हेच. एमसीपी फक्त जोडून देतं. दोन तक्त्यांतला उपयुक्त साठा वेगळ्या पातळीपासून मोजलाय, हे त्याला आपोआप समजत नाही. ते ज्याची नोंद आहे त्याने तिच्यासोबत लिहून द्यावं लागतं. एकक, तारीख, वेळ, मोजणारं खातं आणि मोजण्याची पद्धत, एवढं प्रत्येक आकड्याला चिकटलेलं असलं पाहिजे. हे काम संगणक अभियंत्यांपेक्षा नोंदी ठेवणाऱ्या कारकुनांचं आणि शाखा अभियंत्यांच्या टेबलाशी बसणाऱ्यांचं आहे, आणि त्यासाठी त्यांना वेळ आणि प्रशिक्षण मिळायला हवं.

सुरुवात टँकरपासून करावी असं मला वाटतं. भातसाचं पाणी नदीपात्रातून पिसे बंधाऱ्यापर्यंत जातं, तिथून उचलून पांजरापूरला शुद्ध होतं आणि मुंबईची जवळपास निम्मी तहान भागवतं. त्या तलावाचा आकडा मुंबईकराला रोज घरबसल्या मिळतो. याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी येतं; तो किती वाजता निघाला, कोणत्या विहिरीवर भरला, मंजूर खेपांपैकी किती झाल्या, हे त्या पाड्यावरच्या बाईला सांगणारं कोणी नाही. खेपांची नोंद तर होतेच, लॉगबुकवर सह्याही होतात. त्या नोंदी रोजच्या रोज, पाड्याच्या नावासह, खुल्या प्रमाणातून वाचता येतील अशा ठेवाव्यात. यात कोणाची खाजगी माहिती नाही, नोंद बदलण्याचा प्रश्न नाही, पैसाही फारसा लागणार नाही. जोडणीचा प्रोग्राम शहापूरच्या कॉलेजातली संगणकाची मुलं लिहू शकतील, कारण प्रमाण खुलं आहे आणि त्यासाठी कोणाचा परवाना घ्यावा लागत नाही. लागेल ते जिल्हा प्रशासनाचं एक परिपत्रक. ते फेब्रुवारीत निघालं, तर पुढच्या टँकरच्या हंगामाआधी काम पुरं होऊ शकतं, आणि पाड्यावरची बाई फोनवर मराठीत विचारू शकेल: आज आमचा टँकर निघाला का?