बसायचं नाही? मग बसून राहा!

परीक्षेला न बसणाऱ्या मुलाने काय करायचं? बसायचं. हे सूत्र मी रचलेलं नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टने 2015 च्या वसंतात ते आम्हाला लेखी कळवलं. पालकांच्या तोंडी त्याचं नाव ‘सिट अँड स्टेअर’. बस आणि टक लावून बघ. कशाकडे, ते धोरणात नाही.

माझा मुलगा तेव्हा चौथीत. तिसरी ते आठवीच्या राज्यपरीक्षा तेव्हा अशा: तीन दिवस इंग्रजी, पुढे तीन दिवस गणित. आम्ही रीतसर नकाराचं पत्र दिलं. दीड पानी उत्तर आलं. त्याचं सार असं, की नकार देण्याची तरतूदच नाही. आपला नकार नोंदवून घेतला आहे. आदि शंकराचार्यांनीही माया इतक्या थोडक्यात समजावली नसती!

मग पोरगं बसलं. पुस्तक नाही, कागद नाही, पेन्सिल दप्तरात. त्याने छतावरचे चौकोन मोजले. सोळा रांगा, रांगेत बारा. “एकशे ब्याण्णव, बाबा.” त्या आठवड्यात त्या वर्गात झालेलं सर्वांत प्रामाणिक गणित हेच असावं. शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये अशीच ‘नकारी’ मुलं लायब्ररीत गोष्टी वाचत होती. राज्य तेच, कायदा तोच, फक्त साहेब वेगळा.

पुण्याहून मावशीचा फोन आला. “अरे, परीक्षा सोडायची? आपल्यात कुणी सोडली का कधी?” मावशी, माझ्या दहावीच्या गुणांवर माझं कॉलेज ठरलं होतं. इथे 2014 च्या कायद्याने या राज्यपरीक्षांचे गुण मुलाच्या कायमच्या नोंदीत चढवायलाच मनाई आहे. निकाल लागायचा ऑगस्टमध्ये, म्हणजे बाईंचा वर्ग रिकामा झाल्यावर. मुलाला त्याचा उपयोग शून्य, पण परीक्षा देणं अत्यावश्यक. उपयोग कुणाला, ते गव्हर्नर अँड्र्यू कुओमोंनी 2015 च्या जानेवारीत सांगून टाकलं होतं: शिक्षकांचं निम्मं मूल्यमापन या गुणांवर करा म्हणून. ओझं बाईंचं, हमाल चौथीतला.

आणि परीक्षा तरी कसली? 2012 मध्ये आठवीच्या इंग्रजीच्या पेपरात एक बोलका अननस सशाशी शर्यत लावतो. डॅनियल पिंकवॉटरच्या मूळ गोष्टीत ते वांगं होतं. पेपरात येईपर्यंत त्याची बढती झाली. शर्यत सुरू होते, अननस जागचा हलत नाही, शेवटी बाकीचे प्राणी त्याला खाऊन टाकतात. प्रश्न: का खाल्लं? यात सर्वांत शहाणं कोण? एवढा गहजब झाला की शिक्षण आयुक्तांनी ते प्रश्नच रद्द केले. जागचं न हलणाऱ्याची ती गोष्ट तीन वर्षांनी आमच्या डिस्ट्रिक्टने माझ्या पोरावर बसवली, एवढंच.

शंभरातली पंचाण्णव पोरं परीक्षेला हवीत, हा हट्ट मूळचा वॉशिंग्टनचा, 2002 पासूनचा. 2015 च्या त्या वसंतात राज्यातल्या दोन लाखांवर मुलांनी, म्हणजे साधारण पाचातल्या एकाने, पाठ फिरवली. लाँग आयलंडवर तर लाटच आली. डिसेंबरात वॉशिंग्टनचा नवा कायदा झाला. नाव काय, तर ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स ॲक्ट’. सर्वेऽपि सुखिनः सन्तु! एका तोंडाने हा कायदा म्हणतो, पालकांच्या नकाराबद्दल राज्यांनी काही कायदे केले असतील तर आम्ही त्यांना हात लावत नाही. दुसऱ्या तोंडाने म्हणतो, पंचाण्णव टक्के हवेतच; कमी आले तरी हिशेबाचा छेद पंचाण्णवाचाच धरा. म्हणजे तेवढी गैरहजर पोरं आपोआप नापासांच्या खात्यात. पॅड न बांधलेला फलंदाज शून्यावर बाद!

पुढच्या वसंतात पुन्हा डिस्ट्रिक्टचं पत्र आलं. मी ते वाचत असताना चिरंजीव खांद्यावरून डोकावले.

“बाबा, यंदा बसायचं, की नुसतंच बसायचं?”