सव्वाशे वर्षांची सनातन परंपरा

जपानमध्ये कायदेशीर लग्नाला ना मांडव लागतो ना भटजी. नगरपालिकेच्या कचेरीत एक छापील अर्ज भरून द्यायचा, त्यावर दोन साक्षीदार, की झालं. अर्ज रात्री-अपरात्रीही घेतात. मात्र त्यातला एक रकाना कोरा ठेवून चालत नाही: लग्नानंतरचं आडनाव पतीचं की पत्नीचं? दोन चौकोन, त्यातल्या एकात खूण करायची. दोघांनी आपापलं आडनाव ठेवायची मुभा नागरी संहितेचं ७५० वं कलम देतच नाही. साधारण ९५ टक्के जोडपी पतीच्या चौकोनात खूण करतात. मग बँक, पासपोर्ट, लायसन्स, आडनावाचा शिक्का असं एकेक बदलत बाई या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरत राहते.

या कायद्याचे पाठीराखे सगळ्यात आधी परंपरेचा दाखला देतात. परंपरा किती जुनी? जपानच्या सर्वसामान्य रयतेला आडनाव लावायची परवानगी मिळाली १८७० साली, सक्ती झाली १८७५ साली. पुढच्याच वर्षी सरकारने हुकूम काढला, की विवाहित स्त्रीने माहेरचंच आडनाव लावावं. (यात बाईचा मान वगैरे काही नव्हता. ती परक्या कुळातली, एवढाच हिशेब.) नवरा-बायकोचं एकच आडनाव आलं ते १८९८ च्या नागरी संहितेतून, युरोपीय आणि विशेषतः जर्मन कायद्याच्या वळणावर. घरातली सगळी सत्ता कुटुंबप्रमुखाच्या हाती देणारी ती पद्धत युद्धानंतर, १९४७ च्या दुरुस्तीत मोडीत निघाली. एका आडनावाची सक्ती तेवढी शिल्लक राहिली. खुद्द जर्मनीने ही सक्ती १९९० च्या दशकात सोडून दिली. सनातन म्हणून जे छातीशी धरलंय ते असं बाहेरून आणलेलं, आणि जिथून आणलं तिथे आता ते कुणाला नको आहे.

दुसरा युक्तिवाद अधिक हुशारीचा आहे. कायदा बाईलाच आडनाव बदलायला कुठे सांगतो? तो तर फक्त 'दोघांनी ठरवा' म्हणतो. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हेच ग्राह्य धरून कायदा वैध ठरवला. पंधरापैकी पाच न्यायमूर्तींना तो घटनाबाह्य वाटला. पीठावर तीन स्त्रिया होत्या आणि तिघीही त्या पाचांत होत्या.

दोघांनी खरोखर मोकळेपणाने ठरवलं असतं, तर आकडा कुठेतरी निम्म्याच्या आसपास घुटमळला असता. ९५ वर जाऊन बसतो तेव्हा ठरवणारं दुसरंच कुणीतरी असतं: सासर, शेजार, कचेरी, 'लोक काय म्हणतील'. जपानी पुरुषाला आडनाव बदलणं अशक्य वाटतं असंही नाही. तिथे घरजावई दत्तक घ्यायची रीत जुनी आहे. मारुतीमुळे आपल्या घराघरात ठाऊक झालेले ओसामु सुझुकी जन्माने मात्सुदा. १९५८ च्या सुमारास ते सुझुकी घराण्याचे जावई झाले, आडनाव घेतलं आणि पुढे कंपनीचे अध्यक्ष झाले. आडनावाच्या बदल्यात त्यांच्या हाती कारखाना आला. लाखो बायका दरवर्षी तोच सौदा करतात, पण त्यांच्या हाती काय येतं हे या तटस्थतेच्या वकिलांनी एकदा सांगावं.

तिसरी पळवाट म्हणजे 'कागदोपत्री नवऱ्याचं लावा, कामात माहेरचं वापरा.' वरवर पाहता सोयीचं. पण त्या २०१५ च्या पीठावरच्या न्यायमूर्ती र्‍युको साकुराई यांच्याकडे पाहा. कामगार मंत्रालयात त्यांची सगळी कारकीर्द फुजिइ या माहेरच्या आडनावाने झाली. सर्वोच्च न्यायालयात ते वापरायची सोयच नव्हती, म्हणून न्यायासनावर त्या साकुराई झाल्या. निकालपत्रात माहेरचं आडनाव चालायला २०१७ साल उजाडलं. देशाच्या सर्वोच्च न्यायासनावर बसलेल्या बाईची ही कथा, तर एखाद्या कारकून मुलीचं काय होत असेल! पासपोर्टवर माहेरचं आडनाव कंसात छापून मिळतं, पण आतल्या चिपमध्ये ते नसतं. परदेशी विमानतळावर तिकिटावरचं नाव एक, यंत्राने वाचलेलं दुसरं, आणि समोर चक्रावलेला अधिकारी. २०२४ साली केइदानरेन या बड्या उद्योगांच्या संघटनेनेही सरकारकडे कायदा बदलायची मागणी केली. स्त्रीवादाचा उमाळा आला म्हणून नव्हे. परदेशात करार करणाऱ्या अधिकारी स्त्रियांची ही दोन-दोन नावं धंद्यात आडवी येतात म्हणून. मला ते कारण पुरेसं वाटतं.

आणि शेवटी, आडनावं दोन झाली की कुटुंब मोडेल, मुलं गोंधळतील. गंमत अशी, की ७५० व्या कलमाची सक्ती फक्त जपानी-जपानी जोडप्यांना आहे. तोक्योच्या निशी-कासाई भागात आपली बरीच मंडळी राहतात. तिथल्या एखाद्या कुलकर्ण्याशी जपानी मुलीने लग्न केलं, तर ती खुशाल सुझुकी राहू शकते. कुलकर्णी व्हायचं असेल तर तिने मुद्दाम वेगळा अर्ज द्यायचा. ही दोन आडनावांची घरं मोडल्याची हाकाटी आजवर एकाही सनातन्याने केलेली नाही. मुलांचा प्रश्न तर १९९६ सालीच सुटला होता. कायदा मंत्रालयाच्या सल्लागार परिषदेने तेव्हाच सुचवलं: ज्यांना एक आडनाव हवं त्यांनी एक ठेवावं, ज्यांना वेगळी हवीत त्यांनी वेगळी, आणि मुलांचं कोणतं ते लग्नाच्या वेळीच ठरवावं. यात कुणाचं काय जातं? एक आडनाव आवडणाऱ्यांच्या केसालाही धक्का लागत नाही. तरी ती शिफारस तीस वर्षं धूळ खात पडली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या स्त्री-भेदभाव निर्मूलन समितीने २००३, २००९, २०१६ आणि २०२४ असं चार वेळा बजावलं. २०२५ साली, तब्बल २८ वर्षांनी, संसदेच्या समितीत विधेयकांवर चर्चा झाली आणि मतदान न होताच अधिवेशन संपलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सानाए ताकाइचि जपानच्या पहिल्या स्त्री पंतप्रधान झाल्या. आता बाईच सर्वोच्च पदावर, मग विषमता कुठली, असं म्हणणारे लगेच पुढे आले. ताकाइचिबाईंचा वेगळ्या आडनावांना विरोध आहे. माहेरच्या नावाचा वापर थोडा सोपा केला की पुरे, असं त्यांचं मत. पहिल्या लग्नात त्या कागदोपत्री यामामोतो होत्या आणि राजकारणात ताकाइचि. घटस्फोटानंतर २०२१ मध्ये त्याच गृहस्थांशी पुन्हा लग्न केलं, तेव्हा आडनाव बदललं ते नवऱ्याने. बाईंचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला, चांगलंच झालं. पण वेगळ्या आडनावांचा जो कायदा त्या अडवून धरतात तो तेव्हा असता, तर यामामोतोंनाही आपलं आडनाव सोडावं लागलं नसतं.